गोत्तिल्ला

हत्तरगीचा टोलनाका मागं पडला
की डाव्या हाताला तुमचं लॉज, शेट.
खाली शुद्ध शाकाहारी,
वर कुटुंबासाठी उत्तम सोय,
आणि जिन्याच्या टोकाला दोनशे सात.

पोलिसांना तुम्ही कन्नडमध्ये सांगितलंत, गोत्तिल्ला.
पेपरवाल्याला मराठीत, मला काय ठाऊक.
हात दोन्ही वेळी सारखेच जोडलेले.

तुमच्या रजिस्टरात मी एकवीस वर्षांची आहे.
सतरा होते.
नाव कुणा दुसरीचं, आधारची झेरॉक्स तिसरीची,
येण्याचं कारण: देवदर्शन.
एकोणीस दिवस मुक्काम,
एकोणीस दिवस देवदर्शन,
आणि एकदाही तुम्ही विचारलं नाहीत
कुठला देव.

कोर्टाच्या कागदात तर मला नावच नाही.
पीडिता क्रमांक दोन.
कायद्यानं झाकलंय, माझ्याच भल्यासाठी.
क्रमांक एक अजून कुणाशी बोलत नाही,
नुसती नळ सोडून बसते.

हलगेकर वकीलबाई फी घेत नाहीत,
चहा मात्र माझ्याकडून घेतात, हट्टानं.
म्हणाल्या, आणणारा आत आहे, ते झालं.
पण जागा कुणाची? किल्ली कुणी दिली? भाडं कुणी मोजलं?
त्यालाही आरोपी करा असा अर्ज देता येतो,
लॉजला टाळं लागू शकतं,
परवाना जाऊ शकतो,
भरपाईचा कागद विधी सेवेच्या खिडकीत, तो वेगळा.
सगळं येतं, म्हणाल्या,
फक्त एक शब्द ओलांडायचाय.
जाणूनबुजून.

रात्रभर तो शब्द माझ्या उशाशी.
माणसाच्या आतलं जाणणं
बाहेर कुठून काढायचं, कुठल्या चिमट्यानं?

मग शांतव्वा मडिवाळ आली.
संकेश्वरची. तुमच्या चादरी धुणारी.
सोड्यानं फुटलेली बोटं,
पिशवीत मेणकापडात गुंडाळलेली वही.
तिला अक्षर येत नाही, ती रेघा मारते,
खोलीचे आकडे पोरानं घालून दिलेले.
दोनशे एक: एक रेघ.
दोनशे चार: एक रेघ.
दोनशे सात: नऊ रेघा. अकरा रेघा.
चतुर्थीच्या दिवशी सात.
डागाच्या चादरीला दोन रुपये जास्त,
त्याला रेघेवर ठिपका.
ठिपके मी मोजले नाहीत.
शांतव्वानं पान पालथं धरलं होतं.

आणि दर शनिवारी खाली,
हिरव्या शाईत,
पैसे दिले म्हणून तुमची सही.

तुमच्या वकिलानं तिला विचारलं,
वाचता येत नाही, मग हिशेब खरा कशावरून?
ती म्हणाली, साहेब, शेटनी एकदाबी रुपाया कापला न्हाई.
घासाघीस न करता देतोय म्हंजे
त्येला बी पटलेलंच की.

कोर्टात कुणीतरी खोकलं.
तुम्ही सहीकडं बघत राहिलात,
कन्नड नाही, मराठी नाही.

पुढची तारीख दिवाळीनंतर.

निपाणीची लाल बस, संध्याकाळची.
शांतव्वानं खिडकीची जागा मला दिली,
पुडीतले चिरमुरे अर्धे केले, आणि
माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरू लागली.
तिच्या पदराला निळीचा वास.

टोलनाका गेला.
मान वळवली नाही असं सांगितलं
तर ती खोटी साक्ष होईल.
वळवली.
पाटी चालू होती, गच्चीवर दोऱ्या बांधलेल्या.
कोण धुतं आता, काय माहीत.
बस वेगात होती, तरी मोजल्या मी चादरी.
आठ.
नववी वाऱ्यानं गुंडाळली होती.
तीही धरली.